पर्यटन आणि हॉस्पिटॅलिटीमध्ये पीएचडी: जागा आणि गाइड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यटन, हॉटेल व्यवस्थापन किंवा हॉस्पिटॅलिटीमध्ये पीएचडी करायचं ठरलं की बहुतेक जण विद्यापीठांच्या वेबसाइट उघडतात, प्राध्यापकांच्या याद्या काढतात आणि एकच ईमेल नाव बदलून सगळ्यांना पाठवतात. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. या वाटेवरचे नेहमीचे प्रश्न खाली घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

सुरुवात कुठून करायची? विद्यापीठापासून, गाइडपासून की विषयापासून?

प्रश्नापासून. विषयापासूनसुद्धा नाही. ‘पर्यटन’ हा विषय झाला, ‘हॉटेलमधले कर्मचारी’ हाही विषयच झाला. पीएचडी होते ती प्रश्नावर.

या क्षेत्रात ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे, कारण पर्यटन हे एकसंध शास्त्र नाही. पर्यटनस्थळांच्या जीवनचक्राचं प्रारूप १९८० मध्ये रिचर्ड बटलर यांनी मांडलं. ते भूगोलाचे अभ्यासक, आणि लेख छापून आला तो भूगोलाच्या जर्नलमध्ये. पर्यटकांसमोर ‘मांडून ठेवलेल्या’, म्हणजे त्यांना दाखवण्यासाठी मुद्दाम उभ्या केलेल्या अस्सलपणाची चर्चा डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये समाजशास्त्राच्या जर्नलमध्ये सुरू केली. सेवेच्या नोकरीत हसरा चेहरा ठेवण्यालाही श्रम पडतात, ही आज हॉस्पिटॅलिटीत सर्रास वापरली जाणारी कल्पना आर्ली हॉकशिल्ड यांची. त्या समाजशास्त्रज्ञ, आणि १९८३ च्या त्यांच्या अभ्यासात मुख्य उदाहरण होतं विमानातल्या परिचारिकांचं. म्हणजे या क्षेत्रातली निम्मी हत्यारं बाहेरून आलेली आहेत. तुमचा प्रश्न कोणत्या घरचा आहे हे कळलं नाही, तर चुकीच्या दारावर वर्षभर थाप मारत बसाल.

एक उदाहरण घेऊ. हॉटेलमधल्या हाउसकीपिंगच्या कर्मचाऱ्यांना हल्ली कोणती खोली कधी साफ करायची हे मोबाइलवरचं अ‍ॅप सांगतं. पाहुणा चेक-आउट करतो, खोली यादीत वर येते, काम संपलं की खूण करायची, पुढची खोली. यावर पीएचडी करायची आहे. पण कोणती? खोल्यांचा निपटारा वेगाने होतो का, हा ऑपरेशन्सचा प्रश्न. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण बदलतं का, हा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा. कर्मचाऱ्यांनी आपापसात ठरवलेली कामाची वाटणी अ‍ॅपमुळे मोडली का, हा श्रमाच्या समाजशास्त्राचा. पाठीच्या आणि खांद्याच्या दुखण्यावर काय परिणाम होतो, हा सार्वजनिक आरोग्याचा. या कामात स्थलांतरित स्त्रियाच का असतात, हा भूगोलाचा आणि स्त्री-अभ्यासाचा. हॉटेल एकच, अ‍ॅप तेच, पण गाइड पाच, विभाग पाच, अभ्यासपद्धती पाच. आणि पुढे नोकरीसाठी मुलाखतीला बसाल त्या खोल्याही पाच.

मला ‘शाश्वत पर्यटन’ आवडतं. एवढं पुरेसं नाही का?

नाही. हा शब्द घेऊन रोज शेकडो ईमेल जातात आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

तो शब्द खाली कसा आणायचा ते पाहा. शाश्वत पर्यटनात तुम्हाला नेमकं काय खुपतं? समजा, गर्दी. कुठली गर्दी? दिवसभर येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांची. त्यावर कुठे काही उपाय झाला आहे का? व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून अशा दिवसभराच्या पाहुण्यांवर ५ युरो प्रवेशशुल्क लावलं. पहिल्या वर्षी ते ठरावीक २९ दिवसच होतं, आणि शहरात मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट होती. इथे प्रश्नाला आकार येऊ लागतो: शुल्कामुळे माणसं कमी आली की फक्त बिनशुल्काच्या दिवशी आली? शुल्क काही दिवशी आहे आणि काही दिवशी नाही, म्हणजे तुलनेची सोय धोरणानेच करून ठेवली आहे. हा झाला अर्थशास्त्राचा प्रश्न. ‘शहरात यायला तिकीट असावं का’ यावर रहिवाशांत काय वाद झाला हे बघायचं असेल, तर तो राज्यशास्त्राचा किंवा मानववंशशास्त्राचा. पहिल्याला आकडे लागतील, दुसऱ्याला भाषा आणि वर्षभराचा मुक्काम.

एवढं डोक्यात स्पष्ट झालं की गाइडची यादी आपोआप आखडते. ती आखडणं हे चांगलं लक्षण समजा.

पर्यटनाचा किंवा हॉटेल व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग असलेलंच विद्यापीठ हवं का?

प्रश्न उद्योगाच्या आतला असेल, म्हणजे दरनिश्चिती, सेवेचा दर्जा, ब्रँड, कर्मचारी, तंत्रज्ञान यांचा, तर स्वतंत्र विभागाचा फायदा होतो. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठाचं स्कूल ऑफ हॉटेल अँड टुरिझम मॅनेजमेंट, इंग्लंडमधलं सरे विद्यापीठ, अमेरिकेतली पर्ड्यू, पेन स्टेट आणि लास व्हेगासचं नेवाडा विद्यापीठ, न्यूझीलंडमधलं ओटागो ही त्यातली परिचित नावं. १९२२ पासून हॉटेल प्रशासन शिकवणारं कॉर्नेलही याच पंगतीतलं. अशा ठिकाणी सोबत शिकणारे पीएचडीचे विद्यार्थी याच क्षेत्रातले असतात, हा फायदा लोक मोजत नाहीत, पण तो मोठा आहे.

प्रश्न जागेचा, समाजाचा किंवा निसर्गाचा असेल तर मात्र ‘पर्यटन’ नावाची पाटी शोधत बसू नका. स्वीडनमधल्या उमिओ आणि फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात पर्यटनाचं चांगलं संशोधन भूगोलाच्या छत्राखाली चालतं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनमध्ये ते सांस्कृतिक भूगोलाच्या गटात सापडेल. पर्यटनाच्या अर्थशास्त्रासाठी स्पेनमधल्या बॅलेरिक बेटांच्या विद्यापीठाचं नाव घेतलं जातं. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं आणि मोकळ्या वेळाचा अभ्यास करणारे अनेक जण वनशास्त्र किंवा उद्यान व मनोरंजन अशा विभागांत बसलेले असतात. शोधखिडकीत फक्त ‘टुरिझम पीएचडी’ टाकलं तर यातलं बरंच काही दिसणारच नाही.

मग गाइड सापडतात कुठे?

जर्नल्समध्ये. ‘अ‍ॅनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ १९७३ मध्ये जाफर जाफरी यांनी सुरू केलं. ‘टुरिझम मॅनेजमेंट’, ‘जर्नल ऑफ ट्रॅव्हल रिसर्च’, ‘जर्नल ऑफ सस्टेनेबल टुरिझम’, ‘टुरिझम जिऑग्राफीज’, ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट’ ही त्याच्या जोडीची. गेल्या चार-पाच वर्षांचे अंक चाळा आणि आपल्या प्रश्नाच्या जवळ जाणारे आठ-दहा लेख बाजूला काढा. मग लेखक बघा. पहिलं नाव बऱ्याचदा विद्यार्थ्याचं असतं आणि मागचं गाइडचं. ही जोडी ओळखता आली की अर्धं काम झालं.

दुसरा, कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे पूर्ण झालेले प्रबंध. विद्यापीठांच्या संग्रहात, प्रोक्वेस्टवर, युरोपसाठी डार्ट-युरोपवर, भारतासाठी शोधगंगेवर ते वाचायला मिळतात. प्रबंध उघडलात की आधी आभाराचं पान वाचा. गाइडबद्दल दोन सरकारी ओळी आहेत की कोणत्या अडचणीत त्यांनी काय केलं याचा उल्लेख आहे, यातून बरंच समजतं.

तिसरा मार्ग परिषदांचा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची कॉथे परिषद आणि माहिती तंत्रज्ञान व पर्यटनावरची एंटर परिषद या दोन्हींमध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा असते. जाणं जमलं नाही तरी कार्यक्रमपत्रिका वाचा. सध्या कोण कशावर काम करतंय ते छापील लेखांपेक्षा तिथे आधी कळतं.

गाइड नामवंत असलेले बरे का?

नामवंत असावेत, पण वेळ देणारे असावेत. दोन्ही एकत्र मिळालं तर नशीब. निवडायची वेळ आली तर मी वेळेच्या बाजूने कौल देईन.

ज्यांचे लेख सगळे उद्धृत करतात अशा प्राध्यापकांकडे आधीच पाच-सहा विद्यार्थी, जर्नलचं संपादकपद आणि कुठल्यातरी समितीचं अध्यक्षपद असतं. महिन्यातून एकदा अर्धा तास मिळतो. काहींना तेवढं पुरतं. स्वतःची पद्धत पक्की असलेल्यांना तर बरंच वाटतं. पण पहिल्या वर्षी प्रश्न पुन्हा पुन्हा मोडून बांधावा लागतो, तेव्हा समोर माणूस लागतो. नोकरीत पाच-सात वर्षं झालेले आणि आपलं काम उभं करायच्या धडपडीत असलेले गाइड त्या काळात सोन्याचे ठरतात. त्यांच्या जोडीला सहमार्गदर्शक म्हणून एखादी ज्येष्ठ व्यक्ती असली तर शिफारसपत्राचीही चिंता मिटते.

एक हिशेब नक्की करा: निवृत्तीचा. भारतात यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी सेवा उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. इतरत्र प्रत्येक ठिकाणी असा नियम असेलच असं नाही, म्हणून विचारून घेतलेलं बरं.

पहिला ईमेल कसा लिहायचा?

छोटा. पंधरा ओळींच्या आत. ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ अशी सुरुवात झाली की वाचणारा पुढे जात नाही, आणि ‘मला लहानपणापासून प्रवासाची आवड आहे’ हे वाक्य तर या क्षेत्रातल्या प्रत्येक प्राध्यापकाने इतक्या वेळा वाचलंय की त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं.

विषयाच्या ओळीत ‘पीएचडी चौकशी’ एवढंच न लिहिता प्रश्न लिहा: ‘पीएचडी चौकशी: अ‍ॅपने ठरवलेलं काम आणि हाउसकीपिंगमधली स्वायत्तता’. मजकूर साधारण असा असू शकतो:

‘नमस्कार प्रा. …, हॉटेलमधल्या कामाच्या वेळापत्रकावरचा आपला लेख वाचला. कर्मचारी वेळापत्रकाला वळसा कसा घालतात हे आपण पर्यवेक्षकांच्या मुलाखतींमधून दाखवलं आहे. खोल्यांची वाटणी पर्यवेक्षकाऐवजी अ‍ॅप करू लागल्यावर असे वळसे उरतात का, हा माझा प्रश्न आहे. मी चार वर्षं एका हॉटेलात फ्लोअर सुपरवायझर होते आणि एमएचा प्रबंध शिफ्ट-बदलांवर केला. दोन हॉटेलांमध्ये सहभागी निरीक्षण आणि मुलाखती, असा माझा आराखडा आहे. पुढच्या वर्षी आपण नवे विद्यार्थी घेणार आहात का? दोन पानी टिपण आणि बायोडेटा सोबत जोडला आहे. प्रश्न आपल्या कामाच्या कक्षेबाहेरचा वाटत असेल तर कोणाशी बोलावं हे सांगितलंत तरी मदत होईल.’

यात काय आहे ते बघा. त्यांचं काम वाचलंय याचा पुरावा आहे, आणि तो कौतुकातून नाही तर त्यांच्या लेखातल्या एका मोकळ्या जागेवर बोट ठेवण्यातून आला आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. आणि शेवटच्या वाक्यामुळे नकार देणाऱ्यालाही काहीतरी देण्याची वाट मोकळी राहते. त्या वाक्यातून कित्येकांना खरे गाइड मिळतात.

यंत्राकडून लिहून घेतलेले गुळगुळीत ईमेल हल्ली एका नजरेत ओळखू येतात. भाषेत चार चुका असलेला पण स्वतःचा ईमेल त्यापेक्षा जास्त वाचला जातो.

उत्तरच आलं नाही तर?

दोन-तीन आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग पुढे जा. सत्र सुरू होण्याचे आणि परीक्षांचे दिवस टाळा. उत्तर न येणं म्हणजे तुमचा प्रश्न वाईट, असा अर्थ काढू नका.

संशोधन प्रस्तावात काय असावं?

ठिकाणागणिक दोन पानांपासून दहा पानांपर्यंत मागतात. दिलेली मर्यादा पाळा. प्रश्न, त्यावर आजवर काय झालं आहे, तुम्ही काय वेगळं करणार, कसं करणार आणि ते तीन-चार वर्षांत आटोपेल का, एवढंच वाचणाऱ्याला हवं असतं. उमेदवार साहित्याच्या आढाव्यावर तीन पानं खर्च करतात आणि पद्धतीवर एक परिच्छेद. उलट करा.

आणखी एक, थोडं मताचं. या क्षेत्रात प्रस्तावांचा एक ठरलेला साचा झाला आहे: १९९१ मधला आइझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत किंवा १९८९ मधलं डेव्हिस यांचं तंत्रज्ञान-स्वीकाराचं प्रारूप घ्यायचं, त्यात दोन नवे घटक घालायचे, चारशे जणांकडून ऑनलाइन प्रश्नावली भरून घ्यायची आणि ‘पुन्हा भेट देण्याचा इरादा’ मोजायचा. असे प्रबंध मान्य होतात, लेखही छापले जातात. पण माणूस ‘पुन्हा येईन’ म्हणतो आणि येतो का, हे त्यातून कळत नाही. निवड समितीसमोर अशा प्रस्तावांची चळत असते. तुमच्याकडे खरं वर्तन दाखवणारी काही माहिती असेल, म्हणजे बुकिंगच्या नोंदी, शिफ्टची वेळापत्रकं किंवा प्रवेशद्वारावरची मोजणी, तर ते पहिल्या पानावर सांगा.

प्रत्येक देशात प्रवेशाची पद्धत इतकी वेगळी का वाटते?

कारण ती मुळातच वेगळी आहे. मुख्य फरक असा की काही देशांत तुम्ही विद्यार्थी असता, काही ठिकाणी नोकरदार.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सहसा प्रश्न तुमचा असतो. आधी गाइडशी बोलणं, मग प्रस्तावासह अर्ज. मुदत तीन ते चार वर्षं, कोर्सवर्क (वर्गात शिकायचे अभ्यासक्रम) थोडं, आणि बहुधा एकाऐवजी दोन गाइड. ब्रिटनमध्ये शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. तिथे काही जागा ठरलेल्या प्रकल्पाच्याही असतात. त्यांच्या जाहिराती फाइंड-अ-पीएचडी आणि जॉब्स डॉट एसी डॉट यूके या साइटवर येतात. अशा जागेला अर्ज करताना आपलाच प्रश्न पुढे रेटू नका, जाहिरातीतला प्रश्न तुम्हाला का जमेल ते लिहा.

अमेरिकेत अर्ज विभागाकडे जातो आणि निवड समिती करते. चार ते पाच वर्षं. पहिली दोन कोर्सवर्कची, त्यात संख्याशास्त्राचा मोठा वाटा, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. काही ठिकाणी जीआरई किंवा जीमॅट या प्रवेश परीक्षांचे गुण मागतात. बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. गाइडला आधी लिहिणं तिथेही उपयोगी पडतं, पण ते एकटे तुम्हाला घेऊ शकत नाहीत. अनेक विद्यापीठांनी मान्य केलेला एक संकेत लक्षात ठेवा: आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती नसते.

नेदरलँड्स आणि उत्तर युरोपात पीएचडी ही बहुतांशी पगारी नोकरी असते. जागा जाहिरातीने भरतात, यूरॅक्सेस या पोर्टलवर पाहायला मिळतात, आणि काम एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा तुकडा असतं. युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या मेरी क्युरी योजनेच्या डॉक्टरल नेटवर्कमधल्या जागाही तिथेच दिसतात. त्यांची एक अट आधी तपासा: भरतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत.

हाँगकाँगमध्ये २००९ मध्ये सुरू झालेली पीएचडी फेलोशिप योजना आहे. तिचा अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतो, त्यामुळे गाइडशी बोलणं कित्येक महिने आधीच सुरू व्हावं लागतं.

भारतात किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, सुरुवातीला कोर्सवर्क, आणि प्रवेशासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण किंवा विद्यापीठाची परीक्षा. नेटमध्ये पर्यटन प्रशासन आणि व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी ही मर्यादा आहे. म्हणून ‘तुमच्याकडे जागा रिकामी आहे का’ हा प्रश्न इथे औपचारिक नसतो. घोडं बहुतेकदा तिथेच अडतं.

पैशांचं काय?

फी माफ होणं आणि जगायला विद्यावेतन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात कोणती लिहिली आहे ते वाचा. अमेरिकेतल्या असिस्टंटशिपमध्ये सहसा दोन्ही मिळतं, बदल्यात आठवड्याला २० तासांपर्यंत शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम आहे; त्यात परदेशी विद्यार्थीही बसू शकतात, पण प्रत्येक विद्यापीठातल्या जागा मोजक्या. ब्रिटनमध्ये संशोधन परिषदांचा निधी आणि विद्यापीठांचा स्वतःचा निधी असे दोन प्रवाह. पर्यटनाचे प्रस्ताव तिथे सामाजिक शास्त्रांच्या इतर प्रस्तावांशी स्पर्धा करतात, म्हणून प्रश्न पर्यटनाबाहेरच्या वाचकालाही महत्त्वाचा वाटेल असा मांडावा लागतो.

फील्डवर्कचा खर्च वेगळा विचारा. पर्यटनाच्या संशोधनात प्रवास आणि मुक्काम हेच काम असतं, आणि विद्यावेतनात तो खर्च धरलेला नसतो. स्वतःच्या पैशाने तीन-चार वर्षं पूर्णवेळ पीएचडी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. अर्धवट राहिलेल्या पीएचडींमागे बुद्धीपेक्षा पैशाचं कारण जास्त दिसतं.

मी हॉटेलात दहा वर्षं काम केलंय. त्याचा उपयोग होईल?

होईल, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. ‘मला इंडस्ट्री माहीत आहे’ याने निवड समिती भारावत नाही. कधी कधी सावधच होते, कारण असे उमेदवार उत्तर खिशात घेऊन येतात आणि पुरावा गोळा करायला निघतात. अनुभवाची खरी किंमत दोन ठिकाणी: बाहेरच्याला न दिसणारा प्रश्न तुम्हाला दिसतो, आणि बाहेरच्याला न उघडणारं दार तुम्हाला उघडतं. नाइट ऑडिट, म्हणजे हॉटेलचा दिवसभराचा हिशेब रात्री बंद करण्याचं काम, करणाऱ्याला रात्री तीन वाजता कोणत्या नोंदी हाताने दुरुस्त होतात ते माहीत असतं. त्यावर प्रबंध होऊ शकतो. ‘अतिथी समाधानाचं महत्त्व’ यावर होत नाही.

व्यवस्थापनात राहूनच पुढे जायचं असेल तर व्यावसायिक डॉक्टरेटचाही विचार करा. हाँगकाँग पॉलिटेक्निकमध्ये हॉटेल आणि पर्यटन व्यवस्थापनातली अशी स्वतंत्र पदवी आहे. अध्यापनात यायचं असेल तर मात्र पीएचडीच बरी.

माहिती मिळेल का, हे गाइड सारखं का विचारतात?

कारण या विषयातले सर्वाधिक प्रबंध तिथेच रखडतात. हॉटेल कंपन्या दर, भरलेल्या खोल्या आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी सहजासहजी देत नाहीत. ‘माझ्या ओळखीचे जीएम (हॉटेलचे जनरल मॅनेजर) आहेत’ हे पुरेसं नाही. ते वर्षभरात बदलून जातात आणि नवे जीएम ताकास तूर लागू देत नाहीत. परवानगी लेखी हवी, ती पदावरच्या व्यक्तीऐवजी कंपनीने दिलेली हवी, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करायला हरकत नाही हे त्यात असावं.

काही माहिती उघड्यावरही आहे. अल्पकालीन भाड्याच्या घरांसाठी इनसाइड एअरबीएनबी हा सार्वजनिक संच आहे. हॉटेलांच्या कामगिरीचे आकडे गोळा करणारी एसटीआर ही संस्था विद्यापीठांना शैक्षणिक वापरासाठी आकडे देत आली आहे. तुमच्या संभाव्य विद्यापीठाकडे ती सोय आहे का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. देशपातळीवरच्या पर्यटकसंख्येसाठी यूएन टुरिझम आहे. जानेवारी २०२४ पर्यंत ती यूएनडब्ल्यूटीओ म्हणून ओळखली जायची, त्यामुळे जुने अहवाल त्या नावाने शोधा. प्रवाशांचे ऑनलाइन अभिप्राय सॉफ्टवेअरने एकगठ्ठा उतरवून घ्यायचे असतील तर त्या साइटच्या अटी आणि विद्यापीठाची नैतिकता समिती, दोन्हींचं म्हणणं आधी ऐका.

त्या समितीचं नाव निघालंच आहे तर: मॅनेजरने ‘या सहा जणांच्या मुलाखती घ्या’ म्हणून कर्मचारी समोर बसवले, तर ती संमती खरी मानायची का? समिती हे हमखास विचारते. उत्तर प्रस्तावातच असेल तर तुम्ही फील्डवर्कचा विचार केला आहे हे दिसतं.

आधी पेपर प्रकाशित झालेले असावे लागतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. असले तर चांगलंच. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमध्ये लेख असेल तर तो बायोडेटातून काढून टाका. नसण्यापेक्षा तो असणं जास्त नुकसान करतं.

गाइडशी पहिलं बोलणं ठरलं. मी काय विचारू?

ते तुमचा प्रश्न ताणून बघतील: ‘हे पर्यटनातच का तपासायचं? रुग्णालयात किंवा गोदामात का नाही?’ याचं उत्तर तयार ठेवा. पद्धतीबद्दल विचारतील, आणि माहिती मिळालीच नाही तर काय करणार हेही. ‘याचा विचार केला नव्हता, पण असा करता येईल’ हे उत्तर चालतं. सगळ्याला ‘हो सर’ म्हणणं चालत नाही. तीन वर्षं वाद घालू शकेल असा माणूस ते शोधत असतात.

तुमच्या बाजूने विचारायचं ते स्पष्ट विचारा. सध्या किती विद्यार्थी आहेत? भेट किती वेळा होते? लिहिलेलं किती दिवसांत वाचून मिळतं? तुमचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? प्रबंध एकसंध असतो की लेखांचा मिळून? आणि लेखांचा असेल तर लेखकांच्या नावांचा क्रम कसा ठरतो? शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण नंतर सगळ्यात कटु भांडणं त्यावरूनच होतात.

मग त्यांच्या दोन विद्यार्थ्यांशी वेगळं बोला. एक सध्याचा आणि एक पूर्ण करून गेलेला. सध्याचे विद्यार्थी जपून बोलतात, त्यामुळे थेट मत मागू नका. ‘मागच्या महिन्यात किती वेळा भेटलात?’ असं विचारा.

कुठे धोका ओळखावा?

प्रवेश पक्का होण्याआधीच तुमच्याकडून लेख लिहून मागणारे. स्वतःचं नाव प्रत्येक लेखावर पहिलं असलेले, विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आलेल्या लेखांवरसुद्धा. तुमचा प्रस्ताव न वाचता लगेच ‘या, या’ म्हणणारे. विद्यार्थ्यांची यादी लांब पण पूर्ण झालेले प्रबंध दोनच, असे. आणि हमखास प्रवेशाचं आश्वासन देऊन पैसे मागणारे मध्यस्थ. पीएचडीच्या गाइडला लिहायला मध्यस्थ लागत नाही. ईमेल पत्ता विभागाच्या पानावर असतो.

दोन ठिकाणी जागा मिळाली. कुठे जाऊ?

पैसा पुरेसा आहे तिथे. दोन्हीकडे पुरेसा असेल तर जिथे तुमच्या प्रश्नावर बोलताना समोरची व्यक्ती स्वतः विचारात पडली होती तिथे. क्रमवारीतलं दहा जागांचं अंतर पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. प्रबंधातून किती लेख चांगल्या जर्नलमध्ये आले हे विचारतात.

गाइडच दुसऱ्या विद्यापीठात गेले तर?

हे घडतं, आणि पर्यटनाचे विभाग लहान असल्याने एक माणूस गेला की विषयाचं दालनच बंद होतं. तीन वाटा असतात: त्यांच्यासोबत जायचं, सहमार्गदर्शकाकडे मुख्य जबाबदारी द्यायची, किंवा जुने गाइड बाहेरून सहमार्गदर्शक म्हणून ठेवायचे. सोबत जाताना शिष्यवृत्ती बरोबर येते का हे आधी तपासा, कारण बऱ्याच शिष्यवृत्त्या विद्यापीठाला बांधलेल्या असतात आणि काही व्हिसाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच दुसरा गाइड नावापुरता न घेता तुमचं लिखाण खरोखर वाचणारा घ्या. पहिल्या वर्षाच्या आढाव्याला तो खोलीत हजर असेल, एवढं आधीच ठरवून ठेवा.